ऑफसाइडचा हात

मतपत्रिका छापून आल्या तेव्हा प्रभागातल्या निम्म्या लोकांनी त्याचं खरं नाव पहिल्यांदाच वाचलं, आणि हा कोण बुवा नवीन माणूस, असं एकमेकांना विचारलं. शेवटी पक्षाच्या लोकांनी धावाधाव करून भिंतींवर त्या नावापुढे 'म्हणजेच आपला खांब' असं रंगवून घेतलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खांबला ओळखत नाही असा माणूस त्या भागात शोधूनही सापडला नसता.

हे नाव त्याला आठव्या वर्षी चिकटलं. गोदामामागच्या मैदानात गोलचा एक खांब कुणीतरी उपटून नेला होता, आणि हा पोरगा वयाच्या मानाने ताडमाड, अंगाने काडी. खेळायला घ्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा मोठ्या पोरांनी त्याला त्या रिकाम्या जागेवर उभं केलं आणि बजावलं, की हलायचं नाही. दोन महिने तो इमानेइतबारे खांब होता. चेंडू अंगावर आदळला तर 'खांबाला लागला' असं सगळे धरून चालत, आणि हाही तोंडातून चकार शब्द काढत नसे. मग एके दिवशी, सरळ आत जाणारा एक चेंडू बघून त्याला राहवलं नाही आणि खांबाने पाय पुढे काढला. त्यावरून जी हाणामारी झाली तिच्यात त्याचा एक दात गेला, पण दुसऱ्या दिवसापासून त्याला बॅक म्हणून खेळायला मिळालं.

घरी दोनच माणसं, तो आणि ताई. आई तो पाच वर्षांचा असतानाच गेली होती. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले तीन झोपेत. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. ती नर्सिंगला गेली, मग नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात लागली, आणि तेव्हापासून त्या दोन खोल्यांचं घड्याळ म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचलेला तिच्या पाळ्यांचा तक्ता. सकाळपाळी असेल तर वेणीफणी न करता ती निघून जायची. दुपारपाळी असेल तर ओट्यावर ताट झाकलेलं असायचं आणि त्याखाली चिठ्ठी: 'जेव. मग अभ्यास.' अभ्यासाच्या नावाने बोंब होती, हे तिलाही माहीत होतं. पण लिहायचं काम तिने कधी सोडलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी पाणीपुरवठा खात्याने त्याला नोकरीत घेतलं. कागदोपत्री वॉल्व्हमन म्हणून, आणि खरं म्हणजे खात्याच्या फुटबॉल संघासाठी. दोन्ही कामं मात्र त्याला करावीच लागली. पहाटे पाच वाजता टी-आकाराची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघायचा. प्रत्येक चौकात रस्त्यातलं झाकण उचलायचं, आतलं चाक फिरवायचं, पुढच्या चौकात जायचं. नऊला पाणी बंद करून यायचं आणि तीनला मैदानावर. ही चावी बारा किलोची असते. ज्यांना खेळाडूंच्या अंगात ताकद कुठून येते असा प्रश्न पडतो त्यांनी ती एकदा खांद्यावर घेऊन पाहावी.

संघाचे कोच म्हणजे खात्यातलेच निवृत्त फोरमन. गळ्यात शिट्टी, हातात छत्री, आणि डोक्यात एकच गोष्ट: ऑफसाइड. नियम साधा आहे. समोरच्याने चेंडू पुढे मारला त्या क्षणी त्याचा साथीदार आपल्या मागच्या फळीच्याही पलीकडे जाऊन उभा असेल, तर तो ऑफसाइड. त्याने केलेला गोल धरत नाहीत. कोचनी याचा सापळा केला होता. चेंडू मारला जाणार एवढ्यात मागच्या चौघांनी एकदम एक पाऊल पुढे यायचं, म्हणजे समोरचा फॉरवर्ड आपोआप मागे उघडा पडतो. आणि त्याच वेळी हात वर. "आधी हात, मग तोंड," असं कोच दिवसातून शंभर वेळा सांगायचे. लाइनमन हाही माणूसच आहे, त्याला तुमची आरडाओरड ऐकायला वेळ नसतो, त्याला वर गेलेला हात दिसतो, हा त्यांचा सिद्धान्त. डाव्या टोकाला उभ्या असलेल्या खांबला सगळी रांग दिसायची, म्हणून पहिला हात त्याचा.

पंधरा वर्षं त्याने तो हात वर केला. रोज सरावात पन्नास वेळा, सामन्यात वेगळा. इतक्या वर्षांत त्याच्या नावावर एकच गोल, आणि तोही स्वतःच्याच संघावर. तरी संघाने तीन वेळा चषक आणला आणि प्रत्येक वेळी लोकांनी खांबला डोक्यावर घेतलं. कारण गिरणीच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड, ज्याला अडवणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं, तो खांबच्या त्या उजव्या हाताला टरकून असायचा. हात वर गेला की तो पळता पळता थांबायचा. मग शिट्टी वाजो न वाजो.

घोटाळा असा झाला, की हात त्याच्या ताब्यात राहिला नाही. बसच्या रांगेत कुणी मध्ये घुसला की हात वर. घरी पत्ते खेळताना मुलीने दोन पानं एकदम उचलली की हात वर. लग्नाच्या मोठ्या फोटोत एक लांबचे काका ऐनवेळी पुढे घुसले होते. तो फोटो अजून भिंतीवर आहे, आणि त्यात नवरामुलगा छताकडे हात करून वेगळ्याच दिशेला बघतो आहे. संघाच्या कपड्यांवर आकडे शिवणारी मुलगी म्हणजे त्याची बायको. सामने बघून बघूनच तिने त्याला पसंत केलं होतं, त्यामुळे तिला याचं काही वाटलं नाही. बाहेर जाताना ती त्याच्या उजव्या हातात पिशवी द्यायची, एवढंच.

चौतिसाव्या वर्षी गुडघा गेला. खात्याने एक शाल दिली, एक घड्याळ दिलं आणि चावी परत खांद्यावर दिली. पुढची आठ वर्षं तो नुसता वॉल्व्हमन होता. एखाद्याला वाटेल की माणूस कडवट झाला असेल. खांबला तेवढी सवड नव्हती. कुठल्या गल्लीतल्या शेवटच्या घरात पाणी चढत नाही, कुठल्या घरात म्हातारी एकटीच आहे आणि तिला बादली उचलत नाही, हे त्याला पाठ होतं. पाणी उशिरा आलं तर बायका भांडायला त्याच्याकडे यायच्या, आणि तोही मुकाट ऐकून घ्यायचा. त्याच काळात पक्षाच्या शहराध्यक्षांना, म्हणजे बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानदारांना, नगरपालिकेसाठी एक बरा चेहरा हवा होता. त्यांनी चेंडूवर पाय ठेवलेला त्याचा जुना फोटो शोधून काढला आणि तिकीट दिलं. तो निवडून आला. फुटबॉलने आपल्याला निवडून दिलं, असं त्याला वाटलं. ताईने त्याचा गैरसमज तिथल्या तिथे काढला.

"फुटबॉल कुणाच्या लक्षात आहे?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत तू कधी पाणी चुकवलं नाहीस, ते लक्षात आहे."

सभागृहात तो सगळ्यात मागच्या रांगेत डावीकडे, भिंतीला लागून बसला. ही जागा त्याने मागून घेतली, आणि कुणाला कारण विचारायचं सुचलं नाही. भाषण त्याला कधी जमलं नाही. पण त्याच्या प्रभागात दिवे लागले, गटारं झाकली गेली, आणि दुसऱ्या वेळी तो मतं न मागता निवडून आला. गिरणीचा तो सेंटर फॉरवर्डही तोवर नगरसेवक झाला होता, त्याच पक्षात. आता त्याची लाकडाची वखार होती, पोट सुटलं होतं आणि सगळे त्याला वखारवाले म्हणत. पक्षाच्या प्रत्येक बैठकीत दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका उपांत्य सामन्यात वखारवाल्यांचा गोल नाकारला गेला होता. "मी ऑफसाइड नव्हतो," वखारवाले म्हणायचे. "हातभर होतात," खांब म्हणायचा. बाकीचे चहा पिऊन घ्यायचे.

आणि मग प्रसूतिगृहाचा ठराव आला.

बारा खाटांचं ते प्रसूतिगृह खांबच्या प्रभागात होतं. ताई तिथे आता मुख्य परिचारिका होती, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ठराव असा होता, की ते बंद करून नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात विलीन करावं आणि जागेवर वाहनतळ बांधावा. कागदावर सगळं गोडगोड लिहिलं होतं: नवी यंत्रं, तज्ज्ञ डॉक्टर. पुलावरच्या गर्दीबद्दल मात्र कागद मुका होता. त्या पुलावरून पलीकडे जायला कधी वीस मिनिटं लागतात, कधी तास. आधीच्याच वर्षी एक बाई पुलाच्या मधोमध टॅक्सीत बाळंत झाली होती. ती वाचली ती टॅक्सीवाल्याच्या नशिबाने. खांबने प्रभागातल्या बायकांना शब्द दिला, की माझं मत विरोधात. ताईला तर शब्द द्यायचीही गरज नव्हती. शहराध्यक्षांना त्याने दुकानात जाऊन तोंडावर सांगितलं. ते खिळे मोजत होते. त्यांनी आदळआपट केली नाही, धमकी दिली नाही, "बघ बाबा, तुझं तू ठरव," एवढंच म्हणाले.

मतदान मंगळवारी दुपारी होतं. एकोणतीस सदस्य. वरच्या सज्जात प्रभागातल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या, आणि त्यांच्यात कामावरून तासाभराची सुटी काढून आलेली ताई, अंगात पांढरा गणवेश तसाच. चर्चा संपली. सभापतींनी सांगितलं, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. नियमाप्रमाणे मतदान सुरू झालं की दार बंद होतं. बाहेरचा बाहेर, आतला आत. शिपाई दार ओढायला निघाला. सचिव बोट नाचवत पुढच्या रांगेपासून हात मोजू लागले. आणि तेवढ्यात, व्हरांड्यात फोनवर बोलत उभे असलेले वखारवाले त्या दाराच्या फटीतून आत घुसले.

खांबने ते पाहिलं. चेंडू मारला गेला होता आणि हा माणूस रांगेच्या पलीकडून येत होता. पुढचं त्याने केलं असं म्हणता येणार नाही; ते झालं. उजवा हात कानाला घासून ताठ वर गेला आणि नजर लाइनमन शोधायला सभापतींकडे वळली. आधी हात, मग तोंड. दोन पावलं आत आलेले वखारवाले तो हात बघून जागच्या जागी थांबले. एवढा जाडजूड माणूस एका पायावर डुलत उभा राहिला. मग आपण कुठे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि गडबडीने त्यांनीही हात वर केला. सचिवांचं बोट त्याच वेळी मागच्या रांगेत पोहोचलं होतं.

"पंधरा," सचिव म्हणाले.

खांबने हात खाली घेतला, पण तोवर तो मोजला गेला होता. विरोधातल्यांनी हात वर करावेत असं म्हटल्यावर त्याने पुन्हा हात वर केला. सचिवांनी बोटाने त्याला वगळलं आणि तुमचं झालं अशी मान हलवली. चौदा. तो उठून उभा राहिला, काहीतरी बोलला; बाकं बडवण्याच्या आवाजात त्याचं "हे नंतर आत आले" एवढंच दोघातिघांना ऐकू आलं आणि त्याचा अर्थ कुणाला लागला नाही. ठराव मंजूर झाला. त्याने वर पाहिलं. सज्जातल्या बायका त्याच्याकडे बघत होत्या आणि ताईची जागा रिकामी होती.

त्या दिवसापासून प्रत्येकाला सगळं कळलेलं होतं. त्याला समितीचं अध्यक्षपद मिळणार, असं एक म्हणाला. वाहनतळात त्याचा गाळा ठरला आहे, असं दुसरा म्हणाला. शहराध्यक्षांनी पाठीवर थाप मारून, शेवटी आपला माणूस तो आपलाच, असं चारचौघांत जाहीर केलं. खांबने दोघातिघांना खरी गोष्ट सांगून पाहिली. ते इतके हसले, की त्याने पुढे सांगायचं सोडून दिलं. बायकोला मात्र सांगावंच लागलं नाही. तो घरात शिरताच तिने विचारलं, "आत कोण घुसलं होतं?"

ताईकडे तो दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहात गेला. ती कपाटासमोर उभी राहून धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या तपासत होती. तो बोलत राहिला, ती घड्या घालत राहिली. सवय, ऑफसाइड, वखारवाले, दार, सगळं सांगून झालं.

"मी वर बसले होते," ती म्हणाली. "तुझा हात मला दिसला."

"तो हात मताचा नव्हता गं ताई."

"हात हात असतो. चल, मला काम आहे."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. लहानपणी ती कान धरायची, तेव्हा कान सोडला की विषय संपायचा. या वेळी तिने त्याला दारापर्यंत सोडलं, जसं ती रुग्णाच्या नातेवाइकांना सोडते. तो पायऱ्या उतरला आणि बाहेरच्या बाकावर बसून रडला. सत्तेचाळीस वर्षांचा, सहा फूट दोन इंचांचा नगरसेवक, भरदिवसा. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, याच्या घरात कुणाचं तरी काहीतरी बरंवाईट झालं.

उपाय सापडला तो नगरपालिकेच्या दप्तरखान्यात. तिथल्या चष्मेवाल्या कारकूनबाईंच्या गल्लीत एकदा पंधरा दिवस पाणी नव्हतं आणि खांबने स्वतः खड्ड्यात उतरून नळ मोकळा केला होता. बाईंनी नियमांचं पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं. सदस्याचं मत चुकीचं नोंदलं गेलं असेल, तर पुढच्या सभेत, आधीच्या सभेचं इतिवृत्त कायम होण्यापूर्वी, त्याने उभं राहून कारण सांगायचं. कारण शब्द न बदलता नोंदलं जाईल. सभापतींची खात्री पटली तर मत दुरुस्त होईल. बाईंनी अर्ज लिहायला घेतला आणि कारण विचारलं. त्याने सांगितलं. बाईंची पेन्सिल हवेतच राहिली.

"हेच लिहायचं?" त्यांनी विचारलं.

हेच लिहा, असं तो म्हणाला. पण म्हणताना त्यालाही त्यात दम वाटला नाही. सभेला बारा दिवस होते. या बारा दिवसांत विरोधी पक्षाच्या वकीलबाई त्याच्या घरी येऊन गेल्या. बाई हुशार होत्या आणि मनाने वाईट नव्हत्या. प्रसूतिगृह वाचावं असं त्यांना खरोखर वाटत होतं. त्यांनी नीट समजावलं, की हे हाताचं कारण सभापती एका मिनिटात फेटाळतील, हसं होईल ते वेगळंच. त्यापेक्षा एकच वाक्य बोला: पक्षाने मला धमकावलं म्हणून मी हात वर केला. दबावाखाली दिलेलं मत नियमानेच रद्द होतं, त्याला खात्रीबित्री लागत नाही. चौदाला चौदा झाले की ठराव पडतो, प्रसूतिगृह राहील, आणि तुम्ही तर हिरो व्हाल.

दोन दिवस खांबच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. वाक्य लहान होतं आणि पाठही झालं होतं. शहराध्यक्षांनी धमकावलं नव्हतं ही एक अडचण. पण राजकारणात तेवढं चालतं, हे आता त्यालाही माहीत होतं. खरी अडचण वेगळी होती. ते वाक्य बोललं की ताईने जे पाहिलं ते खरंच ठरत होतं. भावाने भिऊन हात वर केला आणि मग माफी मागितली, असं तिला जन्मभर वाटलं असतं. प्रसूतिगृह हाती राहिलं असतं आणि ताई गेली असती. उलट खरं बोलावं तर बहुधा दोन्ही जाणार. हे सगळं त्याने बायकोपुढे मांडलं. ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलताना मी पाहिलंय. अजिबात येत नाही तुम्हाला."

सभेच्या दिवशी सज्जात बायका होत्या, पण मोजक्याच. ताई आली होती. तिला बाकीच्यांनी ओढून आणलं होतं. सभापतींनी खांबला कारण सांगायला सांगितलं. त्याने सांगितलं. कोच, सापळा, आधी हात मग तोंड, बसची रांग, पत्ते. दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी खुसखुसलं, बसच्या रांगेपर्यंत अर्धं सभागृह हसत होतं, आणि लग्नाच्या फोटोवर सचिवांनीसुद्धा तोंडावर कागद धरला. खांब थांबला नाही. त्याचे कान लाल झाले होते, आवाज चिरकत होता, आणि तो एकेक वाक्य पायरी चढावी तसं बोलत गेला. शेवटी म्हणाला, "मी विरोधात आहे. पहिल्यापासून होतो. माझा हात मताला नव्हता, तो आत घुसणाऱ्या माणसाला होता."

सभापतींनी डोळे पुसले आणि विचारलं, की याला पुरावा काय. मग स्वतःच वखारवाल्यांकडे वळले. मतदान सुरू झाल्यावर आपण आत आलात का? शहराध्यक्ष पहिल्या रांगेत मान वळवून वखारवाल्यांकडे बघत होते. नाही म्हणायला एकच शब्द लागला असता, आणि त्यांच्या वखारीचं लाकूड वाहनतळाच्या बांधकामाला जाणार होतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. वखारवाले उठले. बराच वेळ ते समोरचा माइक सरळ करत राहिले.

"आलो," ते म्हणाले. "आणि त्याचा हात बघून थांबलो. तो हात मी जन्मात विसरणार नाही. मताचा नव्हता तो." मग बसता बसता, जरा चिडूनच, "त्या उपांत्य सामन्यात मात्र नव्हतो. हेही लिहून घ्या."

सचिवांनी लिहून घेतलं. खांबचं मत विरोधात धरलं गेलं, वखारवाल्यांचं बाद झालं; तेरा विरुद्ध पंधरा, ठराव पडला.

पुढचं इथेच सांगून टाकलेलं बरं. खांबला पुढच्या खेपेला तिकीट मिळालं नाही. तो अपक्ष उभा राहिला आणि तीनशे मतांनी पडला. ज्यांनी मतं दिली नाहीत त्यातले बरेच जण त्याला रस्त्यात थांबवून त्या दिवशीची गोष्ट पुन्हा सांगायला लावतात आणि पोट धरून हसतात. तो सांगतो. वखारवाल्यांना लाकडाचं काम मिळालं नाही. ते महिनाभर खांबशी बोलले नाहीत आणि मग पुन्हा भांडायला आले. प्रसूतिगृह आहे. बाराच्या पंधरा खाटा झाल्या.

पण त्या दुपारी हे सगळं अजून व्हायचं होतं. सभा सुटली तेव्हा ताई सज्जात नव्हती. खांब तडक प्रसूतिगृहात गेला. ती आत होती, एका बाईची वेळ भरली होती. तो बाहेरच्या बाकावर बसला. त्याच बाकावर त्या बाईचा नवराही बसला होता, घाबराघुबरा. त्याने नगरसेवकाला ओळखलं नाही. दोन तास दोघे एकमेकांना किती वाजले ते विचारत राहिले. मग आतून रडण्याचा आवाज आला, नवरा धावला, आणि थोड्या वेळाने ताई हात पुसत बाहेर आली. मुलगी झाली, असं तिने खांबला सांगितलं, जणू तोही त्यासाठीच थांबला होता. मग त्याच्या शेजारी बसली. कितीतरी वेळ ती टॉवेलने तीच बोटं पुसत होती.

"पंधरा दिवस मी तुला चोर समजले," ती म्हणाली. "मी वाढवलेल्या पोराला."

"तू पाहिलंस ना हात. तुझी काय चूक?"

"तुझ्या बायकोला दारातच कळलं. त्या लाकूडवाल्याला कळलं. मला नाही कळलं." तिने टॉवेल मुठीत गोळा केला. "पंधरा वर्षं खेळलास. मी एक सामना बघायला आले नाही रे. एकदा जरी आले असते, तर ओळखला असता मी तो हात."

खांबने तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला.

"तू पाळीवर होतीस," तो म्हणाला, "म्हणून मी मैदानावर होतो."